वतारी, वमासे आणि वॉटली

सकाळचा डबा, चहा, धुणं आटोपलं की शैलजा ओतारी जेवणाच्या टेबलावर ओलं फडकं फिरवायची, ते वाळेपर्यंत थांबायची आणि मग तिथंच लॅपटॉप उघडून पावणेचारशे-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात जायची. अकरा वर्षं तिचा हाच उद्योग होता. इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, पण नोकरी काही लागली नाही. लग्न झालं, तेजस्वी झाली. मग एका मैत्रिणीनं हे घरबसल्या काम सांगितलं. एक परदेशी कंपनी अमेरिकेतल्या लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायची. तिकडच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांचे फोटो शैलजाकडं यायचे. कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला पुरलं, सगळं वेड्यावाकड्या अक्षरात. ती ते वाचून सरळ टाइप करायची. पुढं हात बसला तसं तिला आख्खी घराणीच शोधायला मिळू लागली.

जेवताना ती कधी बोलून जायची, "आज एक बाई सापडली. एका महिन्यात चार पोरं गेली बिचारीची."

सासरे, म्हणजे आण्णा, घास हातात धरून विचारायचे, "कुठली गं?"

"इंग्लंडची. सोळाशे छत्तीस साल."

"मग आपल्याला सुतक न्हाय," म्हणून आण्णा पुढं जेवायला लागायचे.

कामाला लागली तेव्हा कंपनीतल्या एका जुन्या बाईंनी तिला एक गोष्ट शिकवली होती. नाव अडलं की नावाकडं बघत बसायचं नाही, लिहिणाऱ्याकडं बघायचं. लिहिणारा कुठला, त्याच्या कानाला काय ऐकू आलं, त्यानं त्याच पानावर बाकीची नावं कशी लिहिली, ते बघायचं. शैलजानं ही गोष्ट पदराला गाठ मारल्यासारखी जपली होती.

त्या वर्षी मात्र एक आडनाव तिला उलगडेना. व्हर्जिनियातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं, वॉटली. बाईंचं वय ब्याऐंशी. आपलं घराणं इंग्लंडातून आलं कुठून, एवढं मरायच्या आधी कळावं, अशी त्यांची इच्छा. सोळाशे एकसष्टपर्यंत धागा नीट लागत होता. थॉमस वॉटली नावाच्या माणसानं सात वर्षं दुसऱ्याच्या तंबाखूच्या रानात राबून करार पुरा केला, असं तिथल्या कचेरीच्या कागदात होतं. त्याच्या मागं अंधार. आपले लोक व्हॉटली नावाच्या गावचे जमीनदार असणार, अशी बाईंची खात्री होती. शैलजानं त्या गावाच्या आणि आसपासच्या वह्या तीन महिने चाळल्या. थॉमस ढिगानं सापडले, पण सगळे जागच्या जागी म्हातारे होऊन मेलेले. बोटीत एकही चढला नव्हता.

अशात घरात जात पडताळणी समितीचं पत्र आलं.

तेजस्वीला पशुवैद्यकीयला जागा मिळाली होती. गोठ्यात घालायचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट तिनं आधीच आणून दाराच्या मागं ठेवले होते. पण जागा राखीव होती आणि महिनाअखेरीच्या आत जातीचा वैधता दाखला जोडला नाही तर ती जाणार होती. घरात पुराव्याला चालेल असा, साठ सालाच्या आधीचा कागद एकच, आण्णांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा. समितीनं नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. एकोणीसशे अठ्ठेचाळीस सालच्या रजिस्टरात नाव होतं 'वतारी ज्ञानू बाबू'. अर्जदार मुलगी ओतारी. हे दोघे एकाच घरातले, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं. सुनावणी चोवीस तारखेला.

शैलजानं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून डब्यांच्या मागं ठेवलं. तेजस्वीला ते दहा मिनिटांत सापडलं.

"मम्मी, लपवतीयास कशाला? माझंच हाय की ते."

"काही होत नाही. बघू आपण."

"बघू म्हणजे काय करणार?"

शैलजानं फोन लावला. तेजस्वीचे पप्पा शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर होते. त्यांनी फोनवर "साहेबांना भेटून सांगूया की" एवढंच म्हटलं. पोर त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात टाकून उठली. शैलजानं ती अर्धी भाकरी झाकून ठेवली, कशासाठी ते तिलाही कळलं नाही. सातासमुद्रापलीकडचे खापरपणजोबा शोधून देणारी बाई, आणि आपल्याच सासऱ्याचं आडनाव तिला सिद्ध करता येईना.

"आण्णा, शाळेत तुमचं आडनाव वतारी कसं लागलं?"

"मग काय लावायचं?" आण्णा म्हणाले. "तेच हाय की."

"आपण ओतारी लावतो ना?"

"तेच म्हनतोय मी!"

तिला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. बावीस वर्षं ती त्यांचं बोलणं ऐकत होती. ते काय म्हणतात ते तिच्या कानापर्यंत पोचायचंच नाही, आधीच दुरुस्त होऊन जायचं.

दुसऱ्या दिवशी ती आण्णांना घेऊन एसटीनं कुरुंदवाडला आणि तिथून वडापच्या जीपनं त्यांच्या गावी गेली. शाळा नवी बांधलेली, पण रजिस्टर जुनंच होतं, लाल कापडात बांधलेलं. मुख्याध्यापकांनी पान काढून दिलं. काळ्या शाईत, गोल वळणदार अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, वतारी. खाडाखोड नाही, डाग नाही, एखादी रेघ पुसट झाली म्हणावं तर तेही नाही. आण्णांनी आपलं नाव बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, "आई आल्ती सोडायला. चिमणाबाई. गुरुजी परगावचं हुतं, पुण्याकडचं. आईनं सांगितलं तसं त्येनी लिवलं. बराबर लिवलंय."

शैलजानं फोटो घेतला, आभार मानले आणि बाहेर पडली. गेटाजवळ रसवंतीच्या बाकावर पटका बांधलेला एक म्हातारा बसला होता. त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"ए ज्ञान्या! वळख दाखव की लेका."

आण्णा थांबले. डोळ्यावर हात धरून बघितलं. "बाळ्या? बाळासो? अजून हाईस व्हय तू?"

"तुझ्या आदी कसा जाईन? माझा रुपाया यायचा र्‍हायलाय तुझ्याकडनं."

"वळखलंच न्हाय की रं! दात कुठं गेलं?"

"तुझं कुठं गेलं तितंच." मग तो शैलजाला म्हणाला, "पावणं, बसा. मी बाळासो वमासे. ह्येच्या वर्गात हुतो. लई मार खाल्लाय दोघांनी."

शैलजा बसली नाही. "काय नाव म्हणालात?"

"वमासे."

रसवंतीच्या पाटीवर तिची नजर गेली. लाल रंगात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओमासे रसवंती गृह'.

"हे दुकान कुणाचं?"

"माझ्या नातवाचं की."

वळख. वमासे. वतारी. नाव अडलं की लिहिणाऱ्याकडं बघायचं, हे ती अकरा वर्षं करत होती, आणि आज स्वतःच्या घरचं पान समोर आलं तर नावाकडंच बघत बसली होती. ती तशीच मागं फिरली. मुख्याध्यापक कुलूप लावत होते.

"सर, तेच पान परत एकदा. आणि पुढच्या दोन वर्षांचीही."

त्याच पानावर, आण्णांच्या खाली सातव्या ओळीत, त्याच गोल अक्षरात होतं, 'वमासे बाळासो तात्या'. पन्नास सालच्या पानावर अक्षर बदललं. गुरुजींची बदली झालेली. नवे गुरुजी याच भागातले असावेत, कारण त्यांनी बाळासोच्या धाकट्या भावाचं आडनाव लिहिलं होतं, ओमासे. पहिल्या गुरुजींनी कानानं लिहिलं होतं. दुसऱ्यांना माणसं माहीत होती.

बाळासो वमासे "चल, कुठं सही करायची सांग" म्हणून त्याच दिवशी प्रतिज्ञापत्राला तयार झाला. परतीच्या एसटीत आण्णांना डुलकी लागली. शैलजा खिडकीतून ऊस बघत होती, ओठातल्या ओठात पुटपुटत. ओढा, वढा. ओझं, वझं. ओटी, वटी. आणि एकदम ती ताठ बसली. वॉटली!

घरी येऊन तिनं चप्पल काढली ती एक आत, एक बाहेर. व्हॉटली गावाचा नाद सोडून तिनं ओटली आडनाव टाकलं. दोन दिवसांत सॉमरसेटमधल्या एका खेड्याच्या वहीत ते सापडलं. सोळाशे चौतीस साली थॉमस ओटलीचा बाप्तिस्मा. वीस वर्षांनी ब्रिस्टल बंदरातल्या नोकरांच्या यादीत त्याच खेड्याचं नाव आणि पुढं थॉमस वोटली. बापाला पुरल्याची नोंद तर गंमतच होती. नव्या पाद्र्यानं तीही 'वोटली' अशीच लिहिली होती. त्या भागातली जुनी माणसं जईला 'ओट' न म्हणता 'वोट' म्हणत, असं तिथल्या एका अभ्यासकानं कळवलं. व्हर्जिनियातल्या कारकुनानं त्यावर आपला हात फिरवला आणि वॉटली झालं. जमीनदार वगैरे कुणी नव्हतं. जईच्या रानावरून आडनाव पडलेली मजुरांची घराणी.

बाईंचं उत्तर आलं. वाडा मिळाला असता तर बरं वाटलं असतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मग विचारलं होतं, आता आम्ही स्वतःला म्हणायचं काय? शैलजानं कळवलं, लिहिता तेच लिहा. थॉमसनं नाव सांगताना चूक केलेली नाही, ऐकणाऱ्यानंही केलेली नाही.

हे लिहिणं सोपं होतं. चोवीस तारीख सोपी नव्हती.

तिनं दोन्ही गुरुजींच्या नोंदींचा शेजारी शेजारी तक्ता केला, बाळासोचं प्रतिज्ञापत्र लावलं, पाटीचा फोटो लावला. सुनावणीच्या खोलीत शैलजा, तिचा नवरा, आण्णा आणि तेजस्वी अशा चौघांना एकाच बाकावर बसवलं. तेजस्वीनं आण्णांचा हात धरला होता. समितीतल्या मॅडम दुसऱ्या भागातल्या होत्या. बोलायला शांत. त्यांनी तक्ता नीट बघितला.

"तुमचं म्हणणं, इथले लोक 'ओ'चा 'व' करतात आणि गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं."

"हो मॅडम. खुद्द आण्णा अजून तसंच म्हणतात."

मॅडम आण्णांकडं वळल्या. "बाबा, आडनाव सांगा तुमचं."

आण्णा उभे राहिले. टोपी सारखी केली. छाती पुढं काढून शाळेत इन्स्पेक्टरसमोर म्हणावं तसं म्हणाले, "ओतारी!"

इतका स्वच्छ 'ओ' शैलजानं बावीस वर्षांत ऐकला नव्हता. तिनं तेजस्वीकडं बघितलं. तेजस्वी खाली बघत होती.

"हे तर ओतारीच म्हणतात," मॅडम म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं.

दाराच्या मागचे गमबूट शैलजाच्या डोळ्यांपुढं आले. पोरीला काय सांगायचं, परत एक वर्ष कसं काढायचं, दुसरा कागद कुठून आणायचा, सगळं एकदम मनात गर्दी करून आलं.

मॅडमनी फाइल चाळत विचारलं, "बरं, वडील काय काम करायचे तुमचे?"

"घंटा वतायचे."

मॅडमची मान वर झाली.

"देवळातली घंटा, बैलाच्या गळ्यातली घुंगरं, सगळं," आण्णा आता रंगात आले. "पितळ पानी झालं की साच्यात वतायचं. वतताना कुनी बोलायचं न्हाय. आमची आई बी तोंड मिटून बसायची, आन् ती एरवी गप बसनाऱ्यातली नव्हती. कोन बोललं की घंटा बद्द वाजती."

"वतायचं म्हणजे?"

"वतनं हो! पातळ वरनं सोडायचं. तुमच्यात काय म्हनत्यात?"

"ओतणं."

"त्येच. वतनं."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि मघाशी ओतारी कसं म्हणालात?"

"ह्या पोरीनं तीन दिस घोकून घेतलंय माझ्याकडनं," आण्णांनी नातीकडं बोट केलं. "'आज्जा, ओ म्हना, सायेबासमोर लाज काढू नगा.' ओ ओ करून घसा बसला माझा."

"आज्जा!" तेजस्वीनं तोंड झाकून घेतलं.

मॅडमनी पेन उचललं. बराच वेळ लिहीत होत्या. आण्णांचं बोलणं त्यांनी जबाबात जसंच्या तसं घेतलं, 'वतायचे' शब्दासकट. शेवटी आण्णांची सही घेतली. आण्णांनी सही केली, ज्ञानू बाबू ओतारी. 'ओ' चांगला गोल आला.

दाखला सव्वीस तारखेला मिळाला. पप्पा पाळीवरून आले होते, त्यांनी पेढे आणले. तेजस्वीनं सलवारीवरच गमबूट चढवले आणि घरभर धपधप फिरायला लागली. शैलजा "फरशी पुसलीय आत्ताच" म्हणाली, पण तिला थांबवलं नाही. पोरीनं दाखला आण्णांच्या पुढं धरला.

"वाचा आज्जा. मोठ्यानं."

आण्णांनी चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ धरला.

"कुमारी वतारी तेजस्वी..."

"ओ, आज्जा! ओ!"

"तेच वाचतोय की," आण्णा म्हणाले.