बॉनेटवरचा चिवड्याचा डबा

मंडळी, आज दुपारी प्रकाशकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या मुलीनं जुने फोटो दाखवले आणि माझं डोकंच फिरलं.

ऐंशीच्या दशकात सांता क्लारात शिकताना मी महिनाभर खपून मेक्सिकोतल्या वाळवंटाची, पुढच्या कोळीवाड्यांची ट्रिप प्लॅन केली होती. आदल्या दिवशी प्रकाश म्हणाला, "गाडी बिघडली यार, कॅन्सल." माझा नकाशा आणि वाटेत खायला केलेल्या चिवड्याचा डबा त्याच्या गाडीतच होता. म्हटलं, राहू दे.

फोटोत प्रकाशसकट आमचे चौघे मित्र समुद्रकाठी मासे खाताहेत. बॉनेटवर माझा नकाशा, त्यावर माझा डबा.

प्रकाश हसत म्हणाला, "अरे, तू शाकाहारी. तिथे काय खाल्लं असतंस?"

चिवडा! माझा चिवडा!

सांगा, कट्टी करायला वयाची अट असते का?