बेसूर आणि मोठ्यानं

सुंदराबाई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं केला, तेव्हा मी पेटीच्या भात्याला ठिगळ लावत बसले होते. "मॅडम, आई गेल्या... जेवून उठल्या नि बसल्या जागी..." एवढंच ती बोलली. मला रडू आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी आलं, आणि तेही रागानं. नायगावातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'भजनी मंडळाचा सुरेल आवाज हरपला.' मी डस्टर उचललं आणि 'सुरेल' पुसून टाकलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं." मी म्हटलं, "मग खरं लिहा." सुंदराबाई बेसूर होत्या. जन्मभर बेसूर गायल्या आणि मोठ्यानं गायल्या. आता महिना होत आला, तरी जो तो त्यांना गोड गळ्याच्या ठरवायला निघालाय, म्हणून हे लिहायला बसले.

शाळेत संगीत शिकवून मी निवृत्त झाले आणि दादरची जागा सोडून इथे शहराबाहेर राहायला आले. रिकामपण खायला उठलं म्हणून बायकांचं भजनी मंडळ काढलं. सुंदराबाई खाडीकाठच्या गावातल्या. मुलानं आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला तरी रोज सकाळी नवऱ्याबरोबर वाडीत जाऊन भाजी काढायच्या, आणि संध्याकाळी हातापायाची माती धुऊन तालमीला पहिल्या हजर. आवाज खणखणीत, पण सुराशी त्याची ओळखदेख नाही! महिनाभर मी दात आवळून बसले. मग एक स्पर्धा आली, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "सुंदराबाई, त्या दिवशी तुम्ही नुसते ओठ हलवा."

"ओठ हलवाया मी काय मासली हाय?" त्या म्हणाल्या. बायका खो खो हसल्या. त्या मात्र हसल्या नाहीत. "शालेत बाई हेच बोलल्या. सासरी ननंद हेच बोलली. आता देवाला हाक मारताना पन गप बसू? नाय बसनार, मास्तरीनबाय."

नाहीच बसल्या. स्पर्धेत अशा गायल्या, की परीक्षकांची पेनं थांबली. आम्ही शेवटचे आलो. मी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाही. आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला वाटायचं की ही बाई मुद्दाम करते.

अबोला त्यांनीच मोडला. नातीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या गावी लग्नाआधी हळद घरीच कुटली, तेव्हा मी गेले होते. एका उखळात सुंदराबाई धरून तीन बायकांची तीन मुसळं, पाळीपाळीनं पडणारी. एकीचं चुकलं तर मुसळावर मुसळ आपटणार. भोवती बसलेल्या बायका गाणी म्हणत होत्या, मनाला येईल तिथे चाल लांबवत होत्या. पण कुटणाऱ्यांचं त्या गाण्याकडे लक्षच नव्हतं. बाकीच्या दोघी बघत होत्या ते सुंदराबाईंच्या खांद्याकडे. मध्येच एकीची पाळी हुकली. सुंदराबाईंनी हात न थांबवता नुसतं "हं" केलं, पुढचा घाव किंचित रोखला, आणि ती बाई बरोबर आत आली. शाळेत मी तीस-तीस पोरांना ताल शिकवला, पण असा हुकलेला ताल चालता चालता सावरून घेणं मला कधी जमलेलं नाही.

माझी भाची श्रवणतज्ज्ञ आहे. तिला हे सांगितलं तर ती पुढच्याच रविवारी येऊन धडकली. मी पेटीवर दोन सूर वाजवले आणि तिनं विचारलं, "आजी, यातला वरचा कुठला?"

"वर नि खाली?" सुंदराबाई म्हणाल्या. "आवाज काय जिना चढतंय?"

मग शब्दांशिवाय आरतीची चाल वाजवली. गेली साठ वर्षं रोज म्हटलेली आरती त्यांना ओळखता आली नाही. त्यांच्या मते पेटी म्हणजे कुणीतरी मोरीत भांडी टाकल्यासारखा आवाज. मात्र भाचीनं टेबलावर वाजवलेला ठेका, कितीही वाकडा असो, त्यांनी जसाच्या तसा परत दिला. भाचीनं समजावलं, की काही माणसांच्या मेंदूत सुराची उंची ओळखणारी वाट जन्मापासूनच कच्ची असते. कान उत्तम असतात, अक्कल उत्तम असते, आळस तर मुळीच नसतो. ठेक्याचं काम बरंचसं वेगळ्या वाटांनी चालतं आणि त्यात हातपाय हलवणारे भागही जागे होतात. म्हणून एक बाजू लंगडी असून दुसरी धावू शकते.

"म्हनजे मी मुद्दाम नाय करत," सुंदराबाई म्हणाल्या. "ननंदेला सांगाया पायजे होता. पन ती मेली." आणि डोळ्यांना पदर लावला.

त्या दिवसापासून टाळ त्यांच्या हातात आणि मंडळाची लय त्यांच्या ताब्यात. "गाऊ पन?" त्यांनी विचारलं. "गा," मी म्हटलं, "तोंड उघडून गा." त्यानंतर आम्ही एकही स्पर्धा जिंकलो नाही. एका परीक्षकांनी प्रेमानं सुचवलं, त्या टाळवाल्या बाईंना गाऊ देऊ नका, नंबर येईल. मी म्हटलं, नंबर तुमच्याकडेच ठेवा.

शोकसभेसाठी मंडळातल्या एकीच्या जावयानं आमच्या जुन्या भजनाचं रेकॉर्डिंग साफ करून आणलं. कॉम्प्युटरवर सुंदराबाईंचा आवाज पुसून काढला होता. टाळ तेवढा ठेवला होता. सगळ्या म्हणाल्या, किती गोड झालंय! ज्यांची सभा, त्यांनाच गप्प बसवून? त्या जिवंत असताना मी एकदा तेच करायला गेले होते. मूळ रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं. सभेत मी तेच लावलं, आवाज पूर्ण चढवून. मागच्या रांगेत कुणी फिसकन हसलं. सुंदराबाईंचा नवरा मात्र ताठ बसला आणि म्हणाला, "हां... हीच ती."

आता रोज सकाळी रियाजाला बसले, की आधी ते रेकॉर्डिंग लावते आणि त्यांचा सूर पेटीवर शोधते. काळी चार ही पट्टी दाबली तर तो तिच्या खाली असतो, तिच्याखालची पांढरी दाबली तर वर निसटतो. माझ्या पेटीत तो सूरच नाही. मग पेटी बंद करते, आणि तोंड उघडून त्यांच्यासारखं गायचा प्रयत्न करते. अजून जमत नाही.