रविवारची चादर

डोलिनाने अर्धं आयुष्य टॉर्वनिशच्या धक्क्यावर, बोटीच्या तिकीटखिडकीत काढलं आणि तिथे बसून जगभरच्या लोकांच्या सहली आखून दिल्या. ग्लासगोहून कुणी फोनवर विचारायचं, जुलैत पाऊस असतो का? ती सांगायची, असतो, पण जरा कोमट असतो. सगळ्यांना मात्र ती दोन गोष्टी न चुकता बजावायची. पहिली, बेत सैल ठेवा. वेळापत्रक छापलेलं असलं तरी वाऱ्याला वाचता येत नाही. दुसरी, रविवारी येऊ नका. रविवार देवाचा, त्या दिवशी काम म्हणजे पाप; आमच्या बेटावर चहाचं दुकानसुद्धा बंद असतं, आणि कुणाच्या दोरीवर धुणं दिसलं तर त्या घराचं नाव आठवडाभर गाजतं. रविवारची बोट सुरू होऊन बरीच वर्षं झाली, पण डोलिनाने तिचं नाव आपणहून कुणापुढे काढलं नाही. विचारलंच कुणी, तर नाक मुरडून तिकीट द्यायची.

तर अशा या बाईच्या घरी एप्रिलमध्ये कॅनडाहून फोन आला. तिची धाकटी बहीण मर्डिना. एकोणिसाव्या वर्षी गेलेली, ती परत आलीच नव्हती. आधी पैसे नव्हते, मग पोरं लहान होती, मग नवरा अंथरुणाला खिळला.

"डोलिना, माझे डोळे चाललेत."

"चाललेत म्हणजे? कुठे?"

"मला विचारून थोडेच निघालेत. डॉक्टर म्हणतो, फार दिवस नाहीत. आताच माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. मोठं काही हललं तर दिसतं." मग ती म्हणाली, "मी येते. पण मी जाताना आईने हलवली होती तशी चादर माझी बोट येताना हलव. तुझं तोंड नाही दिसलं तरी चालेल, तसंही ते मला पाठ आहे. चादर दिसली पाहिजे."

आमच्या टॉर्वनिशमध्ये कुणी लांब जायला निघालं की घरचे लोक धक्क्यावर रेंगाळत नाहीत. निरोप घेतात, घरी धावतात, आणि बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना उंचावरून पांढरी चादर हलवतात. धक्क्यावरचं माणूस गर्दीत हरवतं, चादर हरवत नाही. डोलिनाचं घर तर खाडीच्या तोंडावरच होतं. घर, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे गवताची पट्टी आणि खाली समुद्र. मर्डिना गेली तेव्हा आई त्या गवतावर उभी होती आणि बोट दिसेनाशी झाल्यावरसुद्धा हात खाली घेत नव्हती.

फोन ठेवल्यापासून डोलिनाचे पाय जमिनीला लागेनात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, अशातली गत. जगाला बेत सैल ठेवायला सांगणाऱ्या या बाईने बहिणीचा बेत असा आवळला की त्यात सुई शिरेना. शनिवारी दुपारची बोट, म्हणजे उजेड भरपूर. शनिवारी रात्री खारवलेला हेरिंग मासा आणि बटाटे, आणि बटाटे सालीसकट, कारण मर्डिनाला सोललेला बटाटा आजारी माणसासारखा वाटतो. रविवारी चर्चमध्ये जुन्याच बाकावर बसून आमच्या गॅलिक भाषेतली स्तोत्रं. सोमवारी आईची कबर.

"आणि श्वास कधी घ्यायचा तिने?" टॉरमॉडने विचारलं. हा डोलिनाचा नवरा. जन्मभर मासेमारी केली, आता खांदा धरला म्हणून घरी बसून बायकोची चेष्टा करायचा.

"मंगळवारी. तू आधी घर रंगव. आईच्या वेळी ही भिंत कशी काळवंडलेली होती. तिला चकचकीत दिसली पाहिजे."

"तिला दिसत नाही म्हणतेस, आणि रंग मात्र—"

"रंगव म्हटलं ना."

टॉरमॉडने एका हाताने भिंत रंगवली. असा शुभ्र चुना बसला की उन्हात डोळे दिपावेत. शेजारची एफी कुंपणाशी येऊन बघून गेली. एफी चर्चमधल्या एका थोरल्या पुढाऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर गावाच्या पापांवर नजर ठेवायचं त्याचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. "लग्न आहे का घरात?" तिने विचारलं. "लग्नाला कोण एवढं करतं," डोलिना म्हणाली. तिने आईचीच चादर काढली, धुतली, इस्त्री केली, आणि एकदा तर कुणी नाही असं बघून गवतावर उभी राहून हलवूनही पाहिली. मेंढ्या तेवढ्या बिचकल्या.

शुक्रवारी संध्याकाळी वारा फिरला. डोलिनाने खिडकीतून पाण्याचा रंग पाहिला. हा रंग तिने हजारदा पाहिला होता आणि हजार लोकांना निर्विकारपणे सांगितलं होतं की उद्या बोट नाही. शनिवारी बोट सुटलीच नाही. मर्डिना पलीकडच्या किनाऱ्यावर हॉटेलात अडकली. संध्याकाळी निरोप आला: वारा उतरतोय, बोट रविवारी दुपारी येईल.

"येतेय ना? मग तोंड का पाडलंस?" टॉरमॉड म्हणाला.

"रविवारी चादर कशी हलवू मी? बोट खाडीत शिरेल आणि नेमकं चर्च सुटेल. सगळं गाव आपल्या दारावरून जाणार."

"धुणं वाळत घालणं पाप. हलवणं पाप असल्याचं कुठे लिहिलंय?"

"एफीला लिहायची गरज लागत नाही."

टॉरमॉड चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "मर्डिनाला फोन करून सांग, रविवार आहे, चादर नाही. समजेल तिला, इथलीच पोर आहे."

डोलिनाने फोन उचललाही. पण काय सांगणार होती? की तुझे डोळे पुढच्या शनिवारपर्यंत थांबव? तिने फोन ठेवून दिला आणि आत जाऊन चादरीची घडी मोडली.

रविवारी ती चर्चला गेली ती कोटाच्या आत, पोटाभोवती चादर गुंडाळून. शेजारी बसलेल्या एफीने पाद्र्याचं प्रवचन सुरू झाल्यावर नेहमीप्रमाणे पुदिन्याची गोळी पुढे केली आणि कुजबुजली, "शुक्रवारपासून चांगलीच सुटलीयस गं." डोलिनाने गोळी तोंडात टाकली. प्रवचन होतं संयमावर. शेवटच्या स्तोत्राची पहिली ओळ गायकाने उचलली आणि सगळी मंडळी त्याच्यामागे सूर धरू लागली, तशी ती उठली आणि चक्क बाहेर पडली. अख्ख्या जन्मात ती स्तोत्र अर्धं टाकून उठली नव्हती. टॉरमॉडने खोकून खोकून तिच्या दाराचा आवाज झाकला.

धावत गवतावर पोचली तेव्हा बोट खाडीच्या तोंडाशी आली होती. तिने चादर सोडली. वाऱ्याचा जोर अजून होता. चादर एकदम फुगली आणि तिला दोन पावलं पुढे ओढून घेऊन गेली. तिने टाचा रोवल्या आणि दोन्ही हातांनी हलवू लागली. लाज, भीती, सगळं कुठल्या कुठे गेलं. तिला एकदम एकोणीस वर्षांची मर्डिना आठवली, नवा कोट घातलेली, आणि ती मोठ्याने म्हणाली, "बघ गं, बघ, इकडे बघ."

मागे पावलं वाजली. चर्च सुटलं होतं. मंडळी रस्त्याने आली आणि तिच्या दारासमोर थबकली. काळे कोट, काळ्या टोप्या, बगलेत बायबल. कुणी पुढे जाईना. एकामागून एक येऊन थांबत गेले, आणि घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग लागली. डोलिनाला ते सगळे पाठीवर जाणवत होते, पण तिने वळून पाहिलं नाही.

बोट खालून सरकत गेली. डेकवर माणसं होती, पण कुणी हात केला नाही. बोट वळणाआड धक्क्याकडे गेली आणि डोलिनाचे हात गळून पडले. दिसलं नाही मर्डिनाला. एवढं करून दिसलं नाही.

चादर गोळा करून ती उतारावरून धक्क्याकडे निघाली. मागोमाग एफी. "डोलिना, मी तुला शेजारीण म्हणून सांगते," तिने सुरुवात केली आणि धक्का येईपर्यंत सांगतच राहिली. रविवार, तुझी आई, माझा नवरा, पुढची पिढी. डोलिनाने एक शब्द ऐकला नाही.

मर्डिना काठी टेकत, एका खलाशाच्या हाताला धरून उतरली. म्हातारी झाली होती. डोलिनाने हाक मारली तशी ती आवाजाच्या दिशेने वळली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मधे चादर चेंगरली.

"दिसलं नाही ना तुला?" डोलिना रडत होती. "मी हलवत होते गं. खूप हलवली."

"दिसली की," मर्डिना म्हणाली. "हात कसा करणार? दोन्ही हातांनी कठडा धरला होता. सोडला असता तर समुद्रातच जात होते."

"खरं सांग."

"खरंच. आधी काहीच दिसेना. घर शोधत होते मी, आपलं काळं घर. तिथे नुसतंच पांढरं. आभाळ पांढरं, भिंत पांढरी. म्हटलं, यात चादर काय दिसणार, कप्पाळ. रंग कुणी दिलाय गं घराला?"

महिनाभर डोलिनाने सगळ्याचा विचार केला होता, बटाट्याच्या सालीचासुद्धा. शनिवारी सगळं बेताप्रमाणे झालं असतं, तर पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी चादर हलवत ती एकटीच उभी राहिली असती.

"आणि मग?"

"मग तिथे काळं काहीतरी जमायला लागलं. लांबच लांब काळं. आणि त्या काळ्यात मधोमध पांढरं हलताना दिसलं. आईसारखंच, डावीकडे जरा कमी." मर्डिनाने डोळे पुसले. "ते काळं काय होतं?"

डोलिनाने एफीकडे पाहिलं. एफी बायबल छातीशी धरून उभी होती.

"ती एफी होती," डोलिना म्हणाली. "आणि सगळं गाव."

"एफी? अजून आहे ती?"

"आहे मी," एफी म्हणाली. आणि तिने मर्डिनाची बॅग उचलली. रविवारी ओझं उचलणं चालतं की नाही, हे तिने कुणाला विचारलं नाही.

चढावर मर्डिना म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अजून काढायचंय. तू सांगशील त्या दिवसाचं काढू."

डोलिनाने बहिणीचा हात घट्ट धरला. परत जाताना कदाचित एवढंही दिसणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

"रविवारचं काढ," ती म्हणाली. "आणि एफी, त्या दिवशी हाच कोट घालून ये."

"माझ्याकडे दुसरा आहे कुठे," एफी म्हणाली आणि बॅग या हातातून त्या हातात घेतली.