पारावरचा रिव्ह्यू

बजरंगचं सांगायचं तर आधी रेंजचं सांगावं लागतं. नांदूरघाटाच्या पुढं आमची वस्ती. फोन घरोघर आहेत, पण बोलणं तुटत नाही ते फक्त पारावर. म्हणून पुण्याच्या कंपनीचं काम घरबसल्या करणारा आमचा बजरंग रोज संध्याकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथं बसायचा. काम काय, तर नवी पोरं प्रोग्राम लिहिणार आणि हा त्यातल्या चुका काढणार. कंपनीत त्याला रिव्ह्यू म्हणतात. आम्ही करमणूक म्हणायचो.

दुकान अर्धं उघडं टाकून गहिनीनाथसुद्धा यायचा. दोन्हीकडचं ऐकू यावं म्हणून बजरंगनं हेडफोन आमच्यासाठीच काढला होता. "हे लिहिलंय का सांडलंय?" असं म्हणाला की आम्ही हसायचो, आणि आम्ही हसलो की तो आणखी एक ठेवून द्यायचा. पुण्याची पोरं आमच्या पोराला सर म्हणतात, याचा मला लई आनंद.

एकच उणं होतं. तेहतिशी आली तरी लग्न जमेना. मग केजच्या राधाकिशनरावांची तेजश्री सांगून आली. मुलगी पुण्यात, अशाच कंपनीत. बजरंगच्या आईनं, भिवराबाईनं, नवस बोलला.

आमच्याकडं मुलीचा बाप आधी गुपचूप चौकशीला येतो. शेळी बघायला आलोय म्हणतो. गावही ओळखून असतं, त्या दिवशी गोड बोलतं. पण असा एक पाहुणा आला त्या संध्याकाळी रिव्ह्यू ऐन रंगात, शेळीवाल्याकडं बघतो कोण? गहिनीनाथनं उलट सरकून जागा दिली.

"बसा पाव्हणं. ऐका आमच्या बजरंगला. काल एकीला रडवलं त्यानं."

त्या दिवशी दीपमाला नावाची नवी मुलगी होती. चूक तिचीच, आणि ती कबूलही करत होती. "सर, आत्ता दुरुस्त करते."

"दुरुस्त करू नको, पुसून टाक," बजरंग म्हणाला. "आणि बापाला विचार, तुझी फी कॉलेजवाले परत देतात का."

सगळा पार खदखदला. पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला.

पाहुण्यांनी चपला घातल्या.

"शेळी न बघताच निघालात व्हय?" गहिनीनाथनं विचारलं.

"बघितली की," राधाकिशनराव म्हणाले. "माझी तेजश्री संध्याकाळी फोनवर कशापायी गप असती, त्ये आज कळलं."

नाव ऐकलं आणि बजरंगचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ अर्जुनराव दारात आले, भिवराबाईला म्हणाले, "पाव्हण्यांचा निरोप हाय. पोरगं दुरुस्त करू नका, पुसून टाका." हे गहिनीनाथनं ऐकलं, म्हणजे गावानं ऐकलं.

त्या संध्याकाळी पारावर बसायला जागा नव्हती. कॉल लागला. बजरंग खाकरला, हळूच म्हणाला, "ठीक आहे. चालेल."

"चालंल काय बे?" गहिनीनाथ म्हणाला. "काढ की चूक. का बापाला विचारू?"

एवढा हशा कधी झाला नव्हता. आता बजरंग हेडफोन घालतो, आमच्याकडं पाठ करून बसतो. आम्ही बसतोच. त्याचं नाक, त्याचं टक्कल, त्याची मोडलेली स्थळं, एकेक चूक काढतो. ऐकू येतं त्याला, कान लाल होतात. पण उठून जाईल कुठं? रेंज तर इथंच आहे.