पाणी न पिणारे घोडे

क्वीनीमावशीचा उभा जन्म दुसऱ्यांच्या चुलीपुढे गेला. नवव्या वर्षी ती गुरांच्या फार्मवर गोऱ्या मालकाच्या घरी भांडी घासायला लागली. पुढे मालकाची मुलगी हेदर तिच्याच कडेवर वाढली. मावशीचा भाऊ, म्हणजे माझा मामा, तिथेच घोडे शिकवायचा. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही आदिवासी घेत नाही, म्हणून मामाच म्हणते. चहा निवायच्या आत पिठाच्या पिशवीच्या कागदावर तो पेन्सिलीने अख्खा बैल उभा करायचा.

मग आमच्या माणसांनाही गोऱ्यांएवढी मजुरी द्या, असा सरकारचा हुकूम आला. मालकाने गुरं हाकायला हेलिकॉप्टर आणलं आणि आम्हाला गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मामाच्या हातात बंदूक दिली. घोडे आता लागणार नव्हते.

त्या दुपारी मामा स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला, भराभर काहीतरी खरडलं आणि कागद तिथेच टाकून हात धुवायला गेला. मालकिणीला चित्र आवडलं, तिने उचलून ठेवलं. मामाने पुन्हा पेन्सिल धरली नाही. चार वर्षांत तो गेला. कशाने, ते डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही.

चाळीस वर्षांनी हेदरने ते चित्र शहरातल्या एका प्रदर्शनाला दिलं. मावशीला बोलावणं आलं, सोबत मी गेले. काचेमागे पाच घोडे, खाली पाटी : ‘पाणी पिणारे घोडे’.

तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “बघा ना, घाईत पाय अर्धवट सोडलेत. पण केवढी गती!”

मावशीने चष्मा पुसला. “पाणी कुठाय?”

“ते आपण समजून घ्यायचं.”

“पाय अर्धवट नाहीत, बाई. दुमडलेत. घोडा पडतो तेव्हा आधी पुढचे पाय जातात, मग मान. आणि कान बघा, सगळ्यांचे एकाच बाजूला. माझ्या भावाची शीळ ऐकतायत. त्याने शीळ घातली की जागचे हलायचे नाहीत. म्हणून तर मालकाने हे काम त्यालाच सांगितलं.”

बाईंचं हसू मावळलं. तेवढ्यात हेदर आली. “क्वीनी, यात माझा घोडा टॉफी आहे का गं? बाबांनी मिशनच्या शाळेला दिला होता ना तो?”

मी मावशीचा दंड दाबला. “जाऊ दे, मावशी.”

“चाळीस वर्षं जाऊच दिलं की!” तिने सगळ्यात लहान घोड्यावर बोट ठेवलं. “हा. शेवटचा. कुठल्या शाळेत गेला नाही तो.”

हेदर पांढरीफटक पडली. “बाबा असं करणंच शक्य नाही. तुझं वय झालंय, क्वीनी.”

“झालंय खरं. पण तुझं ढुंगण धुतलेले हात हेच, पोरी. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”

तिसऱ्या दिवशी हेदरने चित्र परत नेलं. तिच्या मालकीचं होतं, कोण अडवणार? आम्ही गेलो तर भिंतीवर नुसता खिळा. बाईंनी दहादा माफी मागितली.

घरी आल्यावर मी चिडले. “गप्प बसली असतीस तर मामाचं चित्र लोकांनी पाहिलं तरी असतं!”

“काय पाहिलं असतं? पाणी?” मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे कागद-पेन्सिल मागितली. दोन दिवस वाकून बसली होती. घोडे काही उतरेनात, शेळ्यांसारखं काहीतरी व्हायचं. शेवटी तिने सगळे कागद चुलीत घातले आणि पीठ मळायला घेतलं.