बारीक आट्याचा स्क्रू

देवानंद दुकानात शिरला की वामनरावांचे नोकर गालातल्या गालात हसत. चंद्रपुरात हार्डवेअरची दुकानं काय कमी आहेत, पण असं गिऱ्हाईक एकच. इतर लोक स्क्रूचं खोकं उचलतात आणि चालू लागतात. हा बाबा काउंटरला चिकटला की अर्धा तास हलायचा नाही. छताच्या शीटा ठोकायच्या बंदुकीत प्लास्टिकच्या पट्टीवर ओवलेले काळे स्क्रू लागतात. त्या पट्टीतले चार-दोन काढून तो नखाने आटे चाचपायचा, बंदुकीच्या पुढच्या सळीचं, बिटचं, टोक स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीत बसवून हलवून बघायचा. जरा डुललं की ते स्क्रू परत.

"पोरगी पाहाले आला काय बे?" वामनराव म्हणाले.

"जाड आट्याचे द्या, भाऊ. दीड इंची. लाकडात मारायचे हायेत."

"बारीक आट्याचे पडले हायेत ना एवढे. चालते."

देवानंदचा हात तिथेच थांबला. 'चालते' हा शब्द त्याला चार वर्षांपासून ऐकवत नाही.

तो मूळचा सावली गावचा, तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातला. जाळं सोडून त्याने नागपुरात जिप्समच्या छतांचं काम शिकून घेतलं. धानोऱ्याकडचा चैतू त्याचा जोडीदार. चैतू बोलायचा कमी. एक ओळ ठोकून झाली की तो डोळे मिटून तळवा शीटवरून फिरवायचा, सर्रर्र. एखादं डोकं वर राहिलं असेल तर तळवा अडायचा. देवानंद त्याची थट्टा करायचा, म्हणायचा, म्हशीले खरारा करून राह्यला काय.

मग ते एका बंगल्याचं काम आलं. शहरात शीटा पत्र्याच्या पट्ट्यांवर बसवतात. हा मालक जंगलपट्टीतला, घरी बिजाच्या झाडाचं लाकूड पडलेलं असताना पत्रा विकत घ्यायचा कशाला, असं त्याचं म्हणणं. लाकूड ओलं होतं. आणि देवानंदच्या पिशवीत मागच्या कामाचे उरलेले स्क्रू होते, इंचभर लांब, पत्र्यासाठीचे, बारीक आट्याचे.

"भाऊ, लाकडाले हे धरतीन काय?" चैतूने एकदाच विचारलं होतं.

"चालते," देवानंद म्हणाला होता.

महिन्याभरात लाकूड सुकलं, आकसलं, स्क्रू सैल पडले. दिव्यांची भोकं पाडायला चैतू शिडीवर चढला आणि अख्खी शीट त्याच्या अंगावर आली. तो डोक्यावर पडला, वाचला नाही. लोक धावत आले तेव्हा देवानंदच्या तोंडून निघून गेलं, पाय घसरला त्याचा, शीटले धराले गेला. एकदा बोललेलं मग पोलिसांपुढे, मालकापुढे, चैतूच्या बायकोपुढे, सगळीकडे तसंच बोलावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही नव्या छताखाली उभं राहिलं की त्याला वरून तो तळवा ऐकू येतो. भरदिवसा, चारचौघांत.

आणि आता चैतूच्या बायकोचा, सोनीबाईचा, निरोप आला होता. टिनाखाली पोरीला अभ्यास करवत नाही, खोलीला छत करून द्या. या वेळी तिला खरं सांगायचंच, असं घोकत तो धानोऱ्याच्या बसमध्ये बसला.

खोलीत लाकडाच्या पट्ट्या आधीच मारलेल्या होत्या. "त्यानंच कापून ठेवल्या होत्या," सोनीबाई म्हणाली. "आता सुकल्या मस्त." कोपऱ्यात एक गाडगं होतं. त्यांच्या गोंडांत मेलेलं माणूस घर सोडत नाही, त्याची जागा त्या गाडग्यात. तिने त्यापुढे मोहाच्या दारूचे चार थेंब सांडले आणि गोंडीत काहीतरी पुटपुटली. देवानंदला कोपऱ्याकडे बघवेना. त्याने खाली मान घालून बंदुकीत पट्टी भरायला घेतली. घोकलेलं तोंडाशी आलं की तो पट्टी काढून पुन्हा बसवत होता.

"थांबा, भाऊ." तिने त्याच्यापुढे मूठ उघडली. तळहातावर एक स्क्रू होता, इंचभर, काळा, बारीक आट्याचा. "दवाखान्यात त्याची मूठ उघडली तवा हा सापडला. इथल्या सुताराले दाखवला मी. हा लाकडाचा नाई मने तो. हा लावू नका."

देवानंदने हातातली बंदूक खाली ठेवली. "पाय नाई घसरला त्याचा, बाई. त्यानं मले विचारलं होतं. मीच चालते मनलो."

"माईत हाय."

"मंग इतके दिवस बोलली काऊन नाई?"

"तुमच्या तोंडून आयकाचं होतं. चार वर्षं लागले तुमाले." तिचा आवाज चढला नाही. "ठोका आता. मंग त्याच्याखाली तुमी निजा पयले. पोरगी मंग निजन."

त्याने जाड आट्याचे स्क्रू एकेक वीतभर अंतरावर मारले. प्रत्येक डोकं शीटवरचा कागद न फाटता केसभर आत बसलं. शेवटची शीट झाल्यावर तो भर दुपारी उघड्या जमिनीवर उताणा पडला. सोनीबाई दारात बसून राहिली. वर टिन उन्हाने तडतडत होतं. त्याने डोळे मिटले.

थोड्या वेळाने सर्रर्र आवाज आला. भिंतीपासून सुरू झालेला तळवा ओळीने त्याच्या पायांवरून, छातीवरून, डोक्यावरून पुढे गेला. देवानंद श्वास रोखून वाट पाहत होता. तळवा कुठेही अडला नाही.