टेल्युरियम आधी, आयोडीन नंतर

माझ्या काकूच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती छपाईच्या यंत्रांकडे उघडायची. खाली बाबांचा छापखाना, वर आम्ही, आणि मधल्या माळ्यावर, कागदाच्या रिमांच्या पलीकडे, काकू. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लग्नानंतर तीन वर्षांतच तापाचं निमित्त होऊन ते गेले. काकूला मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. नकाशे काढण्याचं शिक्षण तिनं घेतलेलं होतं, म्हणून बाबांनी तिला एक उतरतं टेबल आणि दिवा घेऊन दिला. शाळांच्या भिंतीवर लावायचे तक्ते आम्ही छापायचो. पचनसंस्था, फुलाचे भाग, ज्वालामुखीचा छेद, सगळं काकूच्या हातचं.

तिला बाहेर जायला कोणी मनाई केली नव्हती. फक्त जिना बाबांच्या ऑफिसात उतरायचा. बाबा चष्म्यावरून बघत विचारायचे, "कुठे निघालीस?"

"जरा दोरा आणायला."

"अगं, त्यासाठी तू कशाला? मी मागवतो की."

बाबांच्या आवाजात काळजीच असायची, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? काकू पुन्हा जिना चढायची.

मी कॉलेजात सायन्स घेतलं त्या वर्षी बाबांनी आवर्तसारणीचा तक्ता काढायला लावला. काकू आधी एका जुन्या तक्त्यावरून नुसती नक्कल करत होती. चौथ्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"ही सगळी घरं अशी दात पडल्यासारखी का गं? वर मधे एवढी मोकळी जागा कशाला?"

मला जेवढं येत होतं ते मी सांगितलं. डावीकडून उजवीकडे जाताना दर घरात एक प्रोटॉन वाढतो, तोच अणुअंक. शेवटचं कवच भरलं की ओळ संपते, नवं कवच सुरू झालं की खाली नवी ओळ. पहिल्या ओळीत दोनच मावतात, पुढच्या दोन ओळींत आठ आठ, म्हणून मधे मोकळं. आणि उभ्या रांगेतल्यांच्या शेवटच्या कवचात बहुतेक सारखेच इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्यांचा स्वभाव जुळतो. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, तिघंही पाण्यात पडले की धिंगाणा घालतात.

"म्हणजे नातं उभं आहे, आडवं नाही," काकू म्हणाली आणि माझं पुस्तक ठेवून घेतलं. ते मला परत मिळालं नाही.

आठवड्याभरात ती माझ्या पुढे गेली. प्रत्येक घराच्या तळाशी अणुवस्तुमान लिहायचं असतं. ते लिहिता लिहिता तिला दिसलं की वजन घरागणिक वाढत जातं, पण युरेनियमपर्यंत चार ठिकाणी उलटं होतं. मागचा जड, पुढचा हलका. बावन्नावा टेल्युरियम एकशे सत्तावीस पूर्णांक सहा, आणि त्रेपन्नावा आयोडीन एकशे सव्वीस पूर्णांक नऊ.

"छापायची चूक असेल," मी म्हणाले.

"नाही. वजनानं लावलं तर आयोडीन ऑक्सिजन आणि गंधकाच्या खाली जाऊन पडेल. तिथे त्याचं कोण आहे? त्याची माणसं क्लोरीन, ब्रोमीन. जागा अणुअंकानं ठरते, वजनानं नाही."

मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच होतं. कॉलेज सुरू झाल्यापासून मी ते पान पाठ करत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

तक्ता तयार झाला, नमुना घाऊक विक्रेत्याकडे गेला. तीन हजारांची ऑर्डर होती. त्याचं पत्र आलं: दोन घरांची वजनं उलटसुलट झाली आहेत, दुरुस्त करून छापा. बाबांनी पेन्सिलीनं त्या दोन घरांवर बाण काढले आणि काकूला म्हणाले, "ह्यांची अदलाबदल कर."

"भाऊजी, आहे तेच बरोबर आहे."

"गिऱ्हाईक सांगतंय ना?"

काकूनं समजावलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग ते माझ्याकडे वळले. "तू सायन्सला आहेस. तू सांग, काय खरं?"

मला उत्तर माहीत होतं. पण त्याच महिन्यात मी बाबांकडे दुसऱ्या गावी शिकायला जायची परवानगी मागितली होती आणि ते अजून हो म्हणाले नव्हते. "नक्की नाही सांगता येणार," मी म्हणाले.

काकूनं माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही. आणखी एक दार लागल्यासारखं. मग तिनं पट्टी उचलली आणि ती दोन घरं चुकीच्या जागी काढली, बाकीच्या घरांइतकीच रेखीव.

त्यानंतर तिनं एक अर्ज केला. मोजणी खात्याला नकाशे काढणारी माणसं हवी होती, दूरच्या गावी, राहायच्या खोलीसकट. अर्ज तिनं कागद पोचवायला येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती टपालात टाकायला दिला. उत्तरासाठी पत्ता द्यायचा तर छापखान्याशिवाय दुसरा होता कुठे? उत्तर आलं, आणि छापखान्याची सगळी डाक बाबाच फोडायचे. मुलाखतीची तारीख उलटून गेली होती तेव्हा त्यांनी ते पत्र तिच्या टेबलावर ठेवलं.

"तुला इथे काय कमी आहे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दारात होते, पाहिलं. काकूनं पत्राची घडी घातली.

सहा महिन्यांनी तक्ते परत आले. कुठल्याशा कॉलेजच्या प्राध्यापकानं बोभाटा केला होता. गुंडाळ्यांचे गठ्ठे ठेवायला खाली जागा नव्हती. "तुझ्या खोलीत मावतील," बाबा म्हणाले. मावले. पलंगापासून टेबलापर्यंत अंग चोरून जावं लागे, आणि खिडकीही अर्धी झाकली गेली.

त्याच आठवड्यात विक्रेता स्वतः आला. काकू नवी चित्रं घेऊन जिना उतरत होती, मी तिच्या मागे होते. खालून बाबांचा आवाज आला. "आमच्या चित्रं काढणाऱ्या बाईंकडून चूक झाली. घरातलंच माणूस, काय बोलणार?"

काकू पायरीवरच थांबली. मग तशीच खाली गेली आणि टेबलावर पडलेला, परत आलेल्यांतला एक तक्ता विक्रेत्यासमोर उलगडला.

"हे मीच काढलंय," ती म्हणाली. "पण चूक माझी नाही. तुमच्या पत्राची आहे." आणि बोट ठेवत तिनं सगळं सांगितलं. अणुअंक म्हणजे काय, क्लोरीनखाली ब्रोमीन का, ब्रोमीनखाली आयोडीनच का. आवाज चढला नाही. बाबा टेबलावरची टाचणी उचलून खाली ठेवत होते, पुन्हा उचलत होते.

"ती म्हणते ते खरं आहे," मी म्हणाले. सहा महिने उशिरा.

विक्रेत्यानं त्या दोन घरांवरून बोट फिरवलं. "बाई, माझे बाकीचे तक्तेही तपासून द्याल का?"

मला वाटलं, सुटली. पण बाबा आमच्यापेक्षा हुशार. ते म्हणाले, "देईल ना. इथेच बसून देईल." संध्याकाळी ते आईला अभिमानानं सांगत होते, "आता हिच्यावाचून छापखान्याचं पान हलणार नाही." ते खरंच झालं. तीन हजार तक्त्यांवर दोन दोन चौकोन चिकटवायला काकूला चार महिने लागले. तोवर पुढच्या तक्त्यांचा ढीग येऊन पडला. त्यानंतर तिनं अर्ज केला नाही. मला मात्र परवानगी मिळाली आणि मी गेले.

आता मी रसायनशास्त्र शिकवते. बरीच वर्षं मागे लागून एकदा काकूला माझ्याकडे आणली, महिनाभर राहायला म्हणून. पहिले दोन दिवस ती नुसती हिंडली. कुठे जातेस असं मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. सातव्या ओळीतल्या उरलेल्या चार मूलद्रव्यांना कायमची नावं मिळाली होती, तक्ता नव्यानं काढायचा होता.

"त्यांना दुसरं कोणी मिळेल," मी म्हणाले. "काकू, नको जाऊस."

"मिळेल की. आणि तो त्या नव्या टेनेसीनला आयोडीनच्या रांगेतून नेऊन बसवेल भलतीकडेच." ती हसली, पण साडीच्या घड्या घालणं थांबलं नाही. "ओळ पूर्ण झालीय गं. ती दुसऱ्या कुणाच्या हातची मला बघवणार नाही."

हे तिला हवं होतं की तिला आता दुसरं काही मागताच येत नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. दुपारच्या बसमध्ये तिला बसवून दिलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती बसली होती आणि बस सुटायच्या आधीच कंडक्टरला विचारत होती, पोचायला किती वाजतील.